खांदा कोणाचा, पुण्य कोणाचे?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की भोपाळच्या आमच्या मराठी-कोंकणी कुटुंबांतून हल्ली एक नवीनच उत्साह संचारू लागतो. पूर्वी सुटी म्हणजे कोकणातले घर, गोव्यात कुलदेवतेचे दर्शन, अथवा नागपूर-पुण्याकडील एखादे लग्नकार्य एवढाच बेत असे. आता जो तो ‘हिमालयात ट्रेकला’ निघाला आहे. सहली चालविणाऱ्या मंडळींची पत्रके घरोघर येतात. त्यांत इतके दिवस, इतकी उंची आणि इतके पैसे असा हिशेब चोख मांडलेला असतो. वाटाड्या, तंबू, गरम जेवण, सामान वाहणारा माणूस, सर्व व्यवस्था आमच्याकडे, आपण केवळ चालावयाचे, असे अभिवचन असते. अशी पत्रके आता देवळांच्या सूचनाफलकांवरही झळकू लागली आहेत, आणि वाटेत एखादे कुंड किंवा शिवालय लागत असले म्हणजे त्या सहलीस बेधडक ‘यात्रा’ म्हटले जाते. या शब्दास आमची हरकत आहे. आणि ती हरकत केवळ शब्दापुरती नाही, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. डोंगरास आमचा विरोध नाही. १९५६ साली भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर आणि भेलच्या कारखान्याबरोबर जी मराठी कुटुंबे येथे आली, त्यांना या प्रदेशाने आपलेसे केले ते तळ्याकाठी आणि डोंगरवाटांवर. भोपाळपासून जवळच असलेल्या भीमबेटकाचे चित्रित शैलाश्रय १९५७ मध्ये जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे आपलेच होते, आणि ते शोध त्यांनी पायी हिंडूनच लावले. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड आमच्या शेजारी पचमढीस आहे. ज्या तरुणाचे पाय कधी चढणीवर थकले नाहीत, त्याला आपला देश नीट कळला असे आम्ही म्हणणार नाही. तेव्हा मुलांनी हिमालय पाहावा, सुनांनी पाहावा, ज्यांची प्रकृती धडधाकट आहे अशा आजी-आजोबांनीही खुशाल पाहावा. आमचा आक्षेप आहे तो ज्या सौद्याने हिमालय आज दाखविला जातो त्या सौद्यास.

हा सौदा स्वस्त असतो, आणि ही स्वस्ताई कोठून येते हे कोणी विचारीत नाही. आम्ही विचारतो. तंबू, शिधा आणि मोटारभाडे यांत फार काटछाट होऊ शकत नाही. ती सर्वांस सारखीच पडतात. काटछाट होते ती दोन ठिकाणी. एक, दिवस कमी करावयाचे. दुसरे, ओझे वाहणाऱ्याच्या पदरात पडावयाचे ते कमी करावयाचे. दिवस कमी झाले की प्रवाशाचा प्राण धोक्यात येतो. दुसरी काटछाट झाली की हमालाचा. पत्रकावरील आकर्षक रकमेत या दोन्ही धोक्यांची किंमत वजा केलेली असते.

पहिल्या काटछाटीचा विचार करू. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसले आहे. येथून रात्रीच्या गाडीने निघालेला मनुष्य दुसऱ्या दिवशी दिल्लीस पोहोचतो. तेथून विमानाने लेहला गेला तर तासा-दीड तासात तो सुमारे ३,५०० मीटरवर उभा असतो. हवेत प्राणवायूचे प्रमाण तेथेही शेकडा २१ इतकेच असते, परंतु हवेचा दाबच कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला मिळणारा प्राणवायू घटतो. ५,५०० मीटरच्या आसपास तो दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या जवळजवळ निम्मा उरतो. शरीर या बदलास तोंड देऊ शकते, पण त्याला दिवस लागतात. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही त्याची पहिली तक्रार होय. तिकडे दुर्लक्ष करून वर चढत गेल्यास फुप्फुसांत पाणी साचते, बसल्या जागी धाप लागते. किंवा मेंदूस सूज येते, पावले अडखळू लागतात, बोलणे असंबद्ध होते. या अवस्थेवर खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. औषधे व प्राणवायूची नळकांडी उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात. उतरण्याचे काम ती करीत नाहीत.

हे ज्ञान आम्ही परदेशातून उसने आणलेले नाही. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा सपाट प्रदेशातील आमचे जवान घाईघाईने हिमालयाच्या माथ्यावर न्यावे लागले, आणि शत्रूच्या गोळीखेरीज विरळ हवेनेही त्यांतील कित्येकांना गाठले. भारतीय सेनेतील डॉक्टर इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास करून १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या विख्यात नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावरील मूलभूत लेखनात आजही त्याची गणना होते. जवानांना ती घाई करावी लागली, कारण सीमा धोक्यात होती. आमच्या गृहस्थाला घाई कशाची? सोमवारी कचेरीत हजर व्हावयाचे आहे एवढीच! पर्वतवैद्यकाचा आजचा नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यावा. वाचकांनी आपल्या घरी आलेले पत्रक काढून मुक्कामांच्या उंचीची वजाबाकी स्वतःच करून पाहावी. ती या नियमात बसली तर आनंदच आहे. न बसली तर जे दिवस आपल्याला स्वस्तात मिळाले असे वाटत होते, ते आपल्याच आयुष्यातून कापलेले आहेत हे समजून घ्यावे.

घाईचा दुसरा परिणाम याहून सूक्ष्म आहे. पैसे आगाऊ भरलेले असतात, परतीचे तिकीट काढलेले असते, शेजारीपाजारी सांगून झालेले असते. अशा वेळी वाटाड्या आभाळाकडे पाहून ‘आज पुढे जाणे नको’ म्हणाला तर त्याचे ऐकतो कोण? जो मनुष्य त्या डोंगरात जन्मला आणि वाढला, त्याचा शब्द तेथे अखेरचा असावयास हवा. परंतु आम्ही त्याला पैसे मोजले, म्हणून तो आमचा नोकर झाला असे आम्ही समजतो. मालकही त्याच्याकडून ‘शिखर दाखविलेच पाहिजे’ अशी अपेक्षा करतो, कारण शिखर न पाहता परतलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पाहुणे आणीत नाही. अशा रीतीने वाट जाणणारा एकटा गप्प बसतो आणि वाट न जाणणारे वीसजण पुढे सरतात.

जून २०२४ च्या आरंभी उत्तरकाशीकडील सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून गेलेल्या २२ जणांच्या तुकडीस हिमवादळाने गाठले आणि त्यांतील ९ जण मृत्युमुखी पडले. उरलेल्यांच्या सुटकेसाठी वायुसेनेची हेलिकॉप्टरे पाठवावी लागली. त्या तुकडीचा दोष काढण्याचा आम्हाला अधिकार नाही. त्यांच्या घरच्यांच्या दुःखापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु जून महिन्यातही, अनुभवी माणसे बरोबर असतानाही, पर्वत असे करू शकतो, एवढा बोध जर त्यातून घेतला नाही तर ते नऊ प्राण व्यर्थ गेले असे होईल.

येथे कोणी म्हणेल की असे भीत राहिलो तर पराक्रम कसा घडावयाचा? पराक्रमाचे उदाहरण आमच्या भोपाळच्या शेजारीच आहे. सीहोर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची मुलगी मेघा परमार २०१९ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोहोचली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, शिखर थोडक्यात राहिले असता तिला मागे फिरावे लागले होते. शिखर समोर दिसत असता परतणे यास पराक्रम म्हणावयाचे नसेल तर कशाला म्हणावयाचे? त्या दिवशी ती परतली म्हणूनच पुढील वर्षी जाऊ शकली. ज्या सहलीच्या वेळापत्रकात परत फिरण्यास जागाच ठेवलेली नाही, तिच्यात पराक्रमासही जागा नाही.

आता दुसरी काटछाट. हिचा विचार आमच्या समाजात तर होतच नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी आम्हास अधिक बोलावयाचे आहे.

आम्ही देवळाच्या परंपरेत वाढलेली माणसे. मंगेशीस दर सोमवारी देवाची पालखी निघते. गोव्यात आणि कोकणात ठिकठिकाणी उत्सवाच्या रात्री पालखी प्रदक्षिणेस फिरते. त्या पालखीस खांदा देणे हा आमच्याकडे मान आहे. तो मिळावा म्हणून लोक वर्षभर वाट पाहतात. खांदेकऱ्याच्या पायावर पाणी घालतात, त्याला वाट मोकळी करून देतात, तो थकला तर दुसरा धावून खांदा लावतो. भार वाहणे ही सेवा आहे आणि सेवा ही थोर आहे, हे आम्हाला कोणा पुस्तकाने शिकविलेले नाही. लहानपणी पालखीच्या दांडीखाली उभे राहून आम्ही ते शिकलो.

मग तीच माणसे पर्वतावर गेल्यावर हे कसे विसरतात? आपली जाडजूड पाठपिशवी दुसऱ्याच्या पाठीवर देऊन आम्ही पुढे निघतो. त्या पिशवीचे वजन कोणी केले? त्याच्या पाठीवर अशा किती पिशव्या आहेत? आम्ही पिसांचे जाकीट घालून कुडकुडतो, त्याच्या अंगात काय आहे? रात्री तो कोठे झोपतो, काय जेवतो, आजारी पडला तर त्याला खाली कोण नेतो, आणि दरीत कोसळला तर त्याच्या घरी कोणता विमा पोहोचतो? विरळ हवेचा आजार पाहुण्याला होतो तसाच हमालालाही होतो. पैसे घेऊन चढणाऱ्याचे फुप्फुस निराळे नसते. पुष्कळदा तो खालच्या खोऱ्यांतून मजुरीसाठी आलेला असतो आणि त्या उंचीला आमच्याइतकाच नवखा असतो. भारवाहकांच्या रक्षणासाठी १९९७ मध्ये एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली ती एका तरुण नेपाळी भारवाहकाच्या अशाच मृत्यूनंतर. नेपाळात भाराची मर्यादा ३० किलो मानली गेली आहे. आमच्या पत्रकांत मात्र पाहुण्याच्या पिशवीचे वजन दिलेले असते, वाहणाऱ्याच्या पाठीवरील एकूण वजन कोठेही दिलेले नसते.

१८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि १६ माणसे गेली. ती सोळाही नेपाळी कामगार होती. दुसऱ्यांच्या चढाईसाठी दोर आणि सामान घेऊन पहाटे पुढे निघालेली. ते शिखरारोहण होते, सुटीतील पदभ्रमण नव्हे, हे आम्ही जाणतो. पण कामाची वाटणी तीच: धोक्याच्या वाटेवर प्रथम आणि पुनःपुन्हा जातो तो भार वाहणारा, आणि छायाचित्रात उभा राहतो तो पैसे भरणारा.

यावर ठरलेले उत्तर असे की ‘अहो, त्यामुळे त्यांना रोजगार मिळतो.’ मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. हमाल घेऊच नका असे सांगणारे लोक त्या गरीब माणसाच्या पोटावर पाय देतात. परंतु रोजगार दिला म्हणजे माणसाचा जीव विकत घेतला असे होत नाही. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईस आपण पैसे देतो म्हणून तिला तापात भांडी घासावयास लावीत नाही. लावीत असलो तर निदान त्याला पुण्य म्हणत नाही.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर आपले ग्रंथ काय म्हणतात तेही पाहावे. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात तीर्थयात्रेचा विस्तृत विचार आहे. मत्स्यपुराणाच्या प्रयागमाहात्म्यात ऐश्वर्याच्या तोऱ्याने किंवा मोहाने वाहनात बसून तीर्थास जाणाऱ्याची यात्रा निष्फळ ठरविली आहे. निबंधकारांनी फळाची वाटणीही सांगितली आहे: दुसऱ्या कामाच्या निमित्ताने जाता जाता तीर्थ घडले तर अर्धे फळ, आणि दुसऱ्यासाठी मोबदला घेऊन गेल्यास सोळावा हिस्सा. म्हणजे सुटीच्या निमित्ताने गेलेल्या आमच्या वाट्यास अर्धे आणि आमचे ओझे घेऊन चढलेल्यास सोळावा! हा हिशेब ज्यांना मान्य असेल त्यांनी खुशाल ‘यात्रा’ म्हणावे. आम्हास तो वाचताना संकोच होतो, आणि देवाच्या दरबारात भाराचे वजन निराळ्या तराजूत होत असावे असे वाटते.

महाभारताच्या वनपर्वात तर या विषयाचा संपूर्ण पाठच आहे. तीर्थयात्रेस निघताना लोमश ऋषी युधिष्ठिराला परिवार हलका करण्यास सांगतात. आणि ज्यांना भूक, तहान, श्रम आणि थंडी सोसणार नाही, ज्यांना गोडधोडाची सवय आहे, त्यांना धर्मराज आधीच परत पाठवतो. हिमालयाच्या पायथ्याशी राजा सुबाहूकडे सारथी, स्वयंपाकी आणि परिचर ठेवून पांडव पायी निघतात. गंधमादनाच्या चढणीवर वादळ होते, द्रौपदी थकून मूर्च्छित पडते. तेव्हा भीम घटोत्कचाचे स्मरण करतो. तो आपल्या राक्षसांसह येतो, मातेसमान मानून द्रौपदीस खांद्यावर घेतो आणि सर्वांस बदरीवनात पोहोचवितो. द्रौपदीला बदरीचे दर्शन घडले ते तिच्या पायांनी नव्हे, घटोत्कचाच्या खांद्याने. आणि पुढे कुरुक्षेत्रावर अर्जुनासाठी राखून ठेवलेली कर्णाची शक्ती आपल्या छातीवर झेलली तीही त्यानेच. कथाकीर्तनांत आम्ही द्रौपदीचे श्रम ऐकून डोळे पुसतो. घटोत्कचाचा खांदा आम्हाला आठवत नाही. आजच्या सहलीत हीच विस्मृती पैसे भरून विकत मिळते.

त्याच ग्रंथात महाप्रस्थानही आहे. तेथे द्रौपदी पडते, सहदेव पडतो, आणि युधिष्ठिर मागे वळून न पाहता चालत राहतो. पण ते सर्वस्व सोडून निघालेल्यांचे अखेरचे चालणे होते. गृहस्थाची यात्रा निराळी. तिच्यात परत यावयाचे असते. काशीहून परतल्यावर मावंदे घालण्याची आपली रीत त्यासाठीच आहे: सर्वजण सुखरूप आले, याचा तो आनंद. बरोबरचा मागे पडला असता पुढे जाण्याचा अधिकार महाप्रस्थानास निघालेल्याला असेल. दहा दिवसांची रजा काढून निघालेल्याला तो नाही.

‘हे सर्व पाहावयास सरकार आहे’ असेही काही जण म्हणतील. सरकारने काही केलेच नाही असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा संस्थांना नोंदणीचे बंधन घातले. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हिमालयातील बुग्याळांवर, म्हणजे उंचावरील कुरणांवर, रात्रीचे मुक्काम बंद केले आणि पर्यटकांच्या संख्येस मर्यादा घातली. रूपकुंडाच्या वाटेवरील तंबूंची वसाहत त्यामुळे उठली. आणि सरकारी व्यवस्थेने चालणारी कैलास-मानसरोवर यात्रा, जी २०२० पासून पाच वर्षे खंडित राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तिचा पाठ तर प्रत्येक सहलवाल्याने गिरवावा असा आहे. त्या यात्रेत दिल्लीस वैद्यकीय तपासणी होते, उंचीवर गेल्यावर पुन्हा होते, आणि तेथे जो अपात्र ठरेल त्याला, कैलास चार दिवसांवर राहिला असला तरी, परत फिरावे लागते. त्याच्या भक्तीबद्दल कोणी शंका घेत नाही. त्याच्या फुप्फुसाबद्दल घेतात. जी शिस्त कैलासपतीच्या दर्शनास लागू आहे, ती सुटीतील सहलीस जाचक वाटावी हे नवलच. परंतु कायदा झाला तरी गिऱ्हाईकाने स्वस्ताईच मागितली तर कायद्यास पळवाटा फुटतात. म्हणून आम्ही सरकारकडे न जाता आपल्या वाचकांकडे आलो आहोत.

आमची मागणी देवस्थानांच्या विश्वस्तांपासून सुरू होते. देवळाच्या फलकावर सहलीचे पत्रक लावावयाचे असेल तर आधी काही प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. मुक्कामांची उंची आणि विसाव्याचे दिवस कोणते? परत फिरण्याचा निर्णय कोणाचा, आणि तो झाल्यास वाटाड्याच्या मजुरीत कपात तर होत नाही ना? भारवाहकाच्या पाठीवर एकूण किती वजन असेल, त्यास कपडे, निवारा आणि विमा कोण देणार? पन्नाशी ओलांडलेल्यांची, मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांची तपासणी कोणता डॉक्टर करणार? ही उत्तरे न देणाऱ्याला देवळाच्या भिंतीवर खिळा मारण्याचा अधिकार नसावा. ‘यात्रा’ हा शब्द तर त्याने वापरूच नये.

जाणाऱ्यांसही आमचे सांगणे आहे. हिमालयास जाण्यापूर्वी एक वर्ष सातपुड्यास द्या. महाशिवरात्रीस पचमढीच्या चौरागडावर लोखंडी त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढणाऱ्या भाविकांबरोबर एकदा चढून पाहा. नागपंचमीच्या सुमारास थोडेच दिवस उघडणाऱ्या नागद्वाराच्या वाटेवर जा. विदर्भातून आलेली आपलीच मराठी माणसे पावसात, चिखलात, आपले गाठोडे आपल्या डोक्यावर घेऊन तेथे चालतात, आणि सेवा मंडळांचे लोक त्यांस वाटेत जेवू घालतात. गर्दी आणि गैरसोय तेथेही आहे. पण थकलेली म्हातारी दगडावर बसली तर तिला कोणी वेळापत्रक दाखवीत नाही. आपण किती ओझे उचलू शकतो आणि किती चालू शकतो याचे माप तेथे फुकट मिळते. ते माप घेतल्यावर हिमालयातील हमालाच्या पाठीकडे पाहण्याची दृष्टी आपोआप बदलेल.

मग अवश्य हिमालयास जा. चार दिवस अधिक घ्या आणि त्याचे पैसे द्या. पिशवीतले निम्मे सामान घरी ठेवा. वाटाड्या थांबा म्हणेल तेथे थांबा, आणि परत फिरा म्हणेल तेव्हा त्याचे आभार मानून फिरा. उतरल्यावर ज्याने भार वाहिला त्याचे नाव विचारा, त्याच्याबरोबर बसून जेवा. परगावचा तो मनुष्य भोपाळात तुमच्या मावंद्यास येऊ शकणार नाही; तेव्हा त्याच्या पानावरचे वाढप तेथेच, पर्वताच्या पायथ्याशी, भरघोस झाले पाहिजे.